खलनायकाची बाजू

१९८३ या एकाच वर्षात सदाशिव अमरापूरकरांच्या हातून दोन मोठी कामं झाली. फेब्रुवारीत इंडियन नॅशनल थिएटरने विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ रंगभूमीवर आणलं, त्याचं दिग्दर्शन अमरापूरकरांचं होतं. त्याच वर्षी गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला, त्यातला रामा शेट्टी अमरापूरकरांनी उभा केला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून बेतलेल्या या चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांचीच. रामा शेट्टी देशभर पोचला. ‘कन्यादान’चा दिग्दर्शक मात्र नाटकवाल्यांच्या आठवणीत राहिला, आणि पुढे तिथूनही मागे सरकत गेला. आज कुणाला विचारलं तर अमरापूरकर म्हणजे हिंदीतला खलनायक, एवढंच उत्तर येतं. माझ्या मते हे उत्तर अपुरं आहे. रामा शेट्टी इतका खरा का वाटतो, याचं कारण ‘कन्यादान’ बसवणाऱ्या माणसात सापडतं.

‘कन्यादान’ची गोष्ट थोडक्यात अशी. नाथ देवळालीकर हे समाजवादी चळवळीत आयुष्य घालवलेले लोकप्रतिनिधी. मुलगी ज्योती एका दलित कवीशी, अरुण आठवलेशी लग्न ठरवते आणि नाथांना आपल्या तत्त्वांचं चीज झाल्यासारखं वाटतं. लग्नानंतर अरुण तिला मारहाण करतो. आपल्या आदर्शवादाची किंमत मुलगी मोजते आहे हे नाथांना दिसत असतं आणि तरी अरुणच्या आत्मचरित्राचं जाहीर कौतुक करण्याची वेळ त्यांच्यावर येते. शेवटी ज्योती वडिलांना सुनावते आणि नवऱ्याकडे परत जाते. हे नाटक बसवताना दिग्दर्शकाला सगळ्यात सोपी वाट कोणती? अरुणला राक्षस करून टाकणं, किंवा नाथांना भाबडा ठरवून मोकळं होणं. दोन्हींत नाटक मरतं. अरुणचा राग कुठून आला हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे आणि ज्योतीच्या अंगावरचे वळही तितकेच दिसले पाहिजेत. पुढे १९९३चा सरस्वती सन्मान तेंडुलकरांना मिळाला तो याच नाटकासाठी. पण नाटक नुसतं कागदावर होतं तेव्हा त्याची पहिली जबाबदारी पेलली ती तेहतिशीही न गाठलेल्या, नगरहून आलेल्या या माणसाने. वाईट वागणाऱ्या पात्रालाही त्याची स्वतःची बाजू असते आणि नटाने ती पुरतेपणी मांडायची असते, हा धडा दिग्दर्शकाच्या खुर्चीत जितका पक्का होतो तितका क्वचितच दुसरीकडे होत असेल.

आता नगरविषयी. जिल्ह्याचं सरकारी नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण एसटीत तिकीट मागणारा माणूस अजून नगरच म्हणतो, आणि अमरापूरकरांचं अख्खं आयुष्य त्याच नावाच्या गावाशी बांधलेलं होतं म्हणून मीही तेच म्हणेन. ११ मे १९५० हा त्यांचा जन्मदिवस. आडनाव ज्या गावावरून आलं ते अमरापूर शेवगाव तालुक्यात. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसतो (खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण लोकांनी चांदबीबीला देऊन टाकली आहे), मग करंजीचा घाट, मग तिसगाव, आणि तिथून डावीकडे वळलं की अमरापूर आणि पुढे शेवगाव. हा पर्जन्यछायेतला मुलूख. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं पाथर्डी-शेवगावच्या गावागावांत आहेत. ७२चा दुष्काळ पडला तेव्हा अमरापूरकर बावीस वर्षांचे होते. सत्ता कुणाच्या ओट्यावर बसते, पाण्याच्या टँकरची पाळी कोण ठरवतं, वरच्या आवाजात न बोलता माणसाला कसं गप्प करता येतं, हे या भागात वाढलेल्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

याच शहराने चित्रपटाला त्याआधी एक अगदी वेगळा नट दिला होता. शाहू मोडक. १९१८ साली नगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा देखणा मुलगा पुढे पडद्यावर कितीतरी वेळा श्रीकृष्ण झाला, प्रभातचा ज्ञानेश्वर झाला, आणि शांतारामबापूंच्या ‘माणूस’मधला पोलीस शिपाई गणपतही झाला. ज्ञानेश्वराचं रूप म्हणून एका पिढीच्या डोळ्यांसमोर त्यांचाच चेहरा होता. एका गावाने देव दिला आणि खलनायकही दिला, आणि दोघांनाही त्याच एका प्रतिमेने आयुष्यभर सोडलं नाही. मोडकांना लोक नमस्कार करायचे. अमरापूरकरांना बघून लोक आधी जरा मागे सरत.

त्यांना जवळची माणसं ‘तात्या’ म्हणत. शिक्षण इतिहासातलं, पुणे विद्यापीठाचं एम.ए. नाटकाचं वेड मात्र त्याआधीचं. ‘पेटलेली अमावास्या’ या एकांकिकेतल्या कामाने त्यांचं नाव पहिल्यांदा चर्चेत आलं. त्या काळात तालुक्या-जिल्ह्याच्या गावात नाटक करणं म्हणजे काय होतं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. दिवसभर बँक, शाळा, पाटबंधारे खातं, आणि संध्याकाळी कुठल्यातरी शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालीम. संहितेच्या हाताने उतरवलेल्या प्रती. बायकांच्या भूमिकेला कुणी मिळालं नाही म्हणून शेवटच्या आठवड्यात बदललेलं नाटक. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली की नेपथ्याचे फ्लॅट्स कुणाच्या तरी टेम्पोत चढवायचे, केंद्रावर दुपारी पोचायचं, दोन तासांत सेट उभा करायचा, लाइट्स लावून घ्यायचे आणि तिसरी घंटा झाली की परीक्षकांच्या टेबलावरचा छोटा दिवा सोडून सगळं काळोखात गेलेलं बघायचं. या हौशी रंगभूमीत एकच माणूस नट असतो, दिग्दर्शक असतो, वेळ पडली तर पडदाही ओढतो. अमरापूरकरांनी वीसेक वर्षांत पन्नासहून अधिक नाटकं केली ती या शाळेतून तयार होऊन. त्यांच्या अष्टपैलूपणाचं कौतुक करताना आपण चित्रपटांची यादी वाचतो, पण त्याचा पाया इथे घातला गेला.

चित्रपटात त्यांचं एक सुरुवातीचं काम नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ मधलं. रँडच्या वधाची, चापेकर बंधूंची ही गोष्ट १९७९ साली आली. त्यात अमरापूरकर लोकमान्य टिळक झाले होते. इतिहासाचा विद्यार्थी इतिहासातल्या माणसाकडे कसा बघतो, याची ही पहिली खूण. पुढे व्यावसायिक रंगभूमीवर भक्ती बर्वे आणि अविनाश मसूरेकर यांच्याबरोबर ‘हँड्स अप’ गाजत असताना निहलानींनी त्यांचं काम पाहिलं आणि रामा शेट्टी त्यांच्याकडे चालून आला.

रामा शेट्टीचे प्रसंग किती आहेत ते पुन्हा एकदा बघा. अगदी मोजके. पण इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, त्याला अटक करायला त्याच्या घरी जातो तो पहिला सामना एकेका हालचालीने बघण्यासारखा आहे. दारात वर्दीतला पोलीस उभा आहे आणि रामा शेट्टीच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पडद्यावरच्या डॉनची जी ठरलेली सामग्री असते, सूट, सिगार, गडगडाटी हसू, त्यातलं काही नाही. लुंगीतला, आपल्या घरात निवांत असलेला माणूस. दाक्षिणात्य वळणाची हिंदी, आवाज खालच्या पट्टीत, आणि शब्दांमध्ये सोडलेल्या जागा. तो येत नाही म्हणतो, म्हणजे येत नाही. एक फोन होतो आणि वेलणकरला हात हलवत परतावं लागतं. या प्रसंगात ओम पुरींच्या कपाळाची शीर ताठ होत जाते आणि अमरापूरकर अधिकाधिक सैल होत जातात. ताकद कुणाकडे आहे हे संवादाने सांगावंच लागत नाही. नाटकाचा दिग्दर्शक ज्याला प्रसंगातली उंची-खोली म्हणतो ती दोन नटांनी आपसांत वाटून घेतलेली दिसते.

आणि शेवटचा प्रसंग. कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला वेलणकर मदतीसाठी याच माणसाच्या दारात येतो. रामा शेट्टी आता निवडणुकीच्या राजकारणात शिरलेला आहे. त्याच्या बोलण्यात जी ऊब आहे ती बघताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. तो खरंच मदत करायला तयार आहे. त्याच्या हिशेबात हा सौदा न्याय्य आहे, त्यात वेलणकरचं भलंच आहे. स्वतःला वाईट समजणारा माणूस अशा सुरात बोलूच शकत नाही. वेलणकरचे हात त्याच्या गळ्याकडे जातात ते या ऊबेमुळे, आणि म्हणूनच प्रेक्षकाला तो शेवट पटतो. ‘कन्यादान’च्या तालमीत अरुण आठवलेची बाजू समजून घेतलेल्या माणसाने रामा शेट्टीचीही बाजू समजून घेतली होती, असं मी म्हणतो ते यासाठी. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना या भूमिकेने दिला.

हिंदी चित्रपटाने मग जे करायचं तेच केलं. जो आवाज चालला तो पुन्हा पुन्हा मागितला. १९८६ साली ‘आखरी रास्ता’त अमिताभसमोरचा चतुर्वेदी, पुढच्या वर्षी ‘हुकूमत’मध्ये धर्मेंद्रसमोरचा क्रूरकर्मा. ‘हुकूमत’ प्रचंड चालला आणि त्यानंतर धर्मेंद्र-अमरापूरकर ही जोडी कितीतरी चित्रपटांत समोरासमोर आली. त्यांच्या एकूण चित्रपटांचा आकडा तीनशेच्या घरात जातो. त्यातले बरेचसे आज बघवत नाहीत, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. एकाच साच्यातले ठाकूर, मंत्री, तस्कर. अशा चित्रपटांतही ते कधी टाळाटाळ करताना दिसत नाहीत; डोळे बारीक करण्याची, वाक्याच्या मध्येच थांबून समोरच्याला घाम फोडण्याची तऱ्हा दर वेळी थोडी वेगळी असते. पण एवढ्या ताकदीच्या नटाला साच्याबाहेरचं काम देण्याची कल्पनाशक्ती त्या धंद्यात फार थोड्यांकडे होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे होती त्यांत महेश भट्ट. ‘सडक’ १९९१च्या डिसेंबरात आला. कोठा चालवणारी महारानी ही तृतीयपंथी व्यक्तिरेखा अमरापूरकरांनी केली. साडी, कपाळावरचं कुंकू, मानेला दिलेला झटका, हे सगळं वरवरचं कुणीही करू शकलं असतं आणि त्याची थट्टा होऊन गेली असती. महारानी थट्टेच्या वाटेला जात नाही. तिच्या हसण्यात जगाने केलेल्या अपमानाचा हिशेब आहे आणि तो हिशेब ती तिच्या तावडीतल्या मुलींकडून वसूल करते. फिल्मफेअरने खलनायकी भूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला तो त्या वर्षी, आणि पहिला मान महारानीला मिळाला. तृतीयपंथी समाजाविषयी अशा व्यक्तिरेखांनी प्रेक्षकांच्या मनात जी भीती आणि किळस रुजवली ती आज खटकते, खटकायलाच हवी. नटाचं काम आणि चित्रपटाचा दृष्टिकोन या दोन गोष्टी वेगळ्या करून बघितल्या तरच महारानीच्या भूमिकेचं मोल कळतं.

मग नव्वदीत एक गंमत झाली. लोकांना घाबरवणारा हा चेहरा लोकांना हसवू लागला. डेव्हिड धवनच्या ‘आँखें’तला इन्स्पेक्टर प्यारेमोहन, ‘कुली नंबर वन’मधला लग्नं जुळवणारा शादीराम घरजोडे, ‘इश्क’मधला पैशाने आंधळा झालेला बाप. ज्या विरामाने ‘अर्धसत्य’मध्ये धडकी भरत होती, तोच विराम एका क्षणाने लांबवला की थिएटरात हशा पिकत होता. ‘कुली नंबर वन’ टीव्हीवर लागला की घरातली पोरं शादीरामला ओळखतात, त्यांना रामा शेट्टी माहीतही नसतो. काळाचं ज्ञान असलेल्या नटालाच हे जमतं, आणि ते ज्ञान रंगमंचावर जिवंत प्रेक्षकांसमोरच मिळतं.

छोट्या पडद्यावरचं त्यांचं एक काम या सगळ्यांपेक्षा मला मोठं वाटतं, आणि त्याचा धागा पुन्हा नगरला येऊन मिळतो. १९४२ ते ४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यावरून श्याम बेनेगलांनी दूरदर्शनसाठी त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ केली, १९८८-८९मध्ये ती घरोघरी पाहिली गेली. त्यात महात्मा जोतीराव फुले झाले होते अमरापूरकर. जोतीरावांचंही नगरशी जुनं नातं होतं: मिस फॅरार यांची मुलींची मिशन शाळा त्यांनी नगरमध्येच पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही नगरलाच. म्हणजे नगरच्या किल्ल्यात लिहिलेल्या पुस्तकाच्या मालिकेत, नगरमध्ये प्रेरणा मिळालेला महात्मा नगरच्याच नटाने उभा केला. त्या काळात ते मोठ्या पडद्यावर दर शुक्रवारी कुणाचा तरी गळा दाबत होते. रविवारी सकाळी तेच डोळे जातिभेदाविरुद्ध बोलताना बघून प्रेक्षक चकित होत असत. हा जोतीराव भाषण देत नाही, समजावून सांगतो, आणि समजावूनही कुणी ऐकलं नाही की दुखावतो. संतापापेक्षा ते दुखावणं लक्षात राहतं.

मराठीत त्यांना त्यांच्या तोडीचं काम देणाऱ्यांत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ही जोडी पुढे होती. ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’ या दोन्ही चित्रपटांत अमरापूरकर आहेत, आणि दोन्हींत ते गावाचे, घराचे, त्या मातीतले वाटतात. ‘कदाचित’ (२००८) मध्ये तुरुंगातून परत आलेला बाप त्यांनी केला. मुलीच्या आयुष्यात पुन्हा पाऊल टाकणारा हा म्हातारा गुन्हेगार आहे की नाही हे प्रेक्षकाला बराच वेळ ठरवता येत नाही, आणि त्या अनिश्चिततेवर चित्रपट तोलला आहे. पंचवीस वर्षं प्रेक्षकांनी ज्या चेहऱ्यावर अविश्वास ठेवला होता त्याच चेहऱ्याचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

या प्रवासाच्या बरोबरीने आणखी एक काम चालू होतं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. पोटापाण्याची चिंता बाजूला ठेवून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं, हा त्यामागचा विचार. निधी जमवण्यासाठी नामवंत नटांनी आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ राज्यभर केलं, त्या चमूत अमरापूरकर होते. निळूभाऊंचं आणि त्यांचं साम्य इथे मनात येतंच. निळूभाऊ सेवा दलाचे, आणि खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना बघून पदर सावरत. दोघांनी पडद्यावर सरंजामी माज इतका हुबेहूब दाखवला, कारण दोघांचं आयुष्य त्याच माजाशी भांडण्यात गेलं होतं. अंधश्रद्धा निर्मूलन समिती, नगरची स्नेहालय संस्था, नगरचं ऐतिहासिक वस्तू संग्रहालय, लोकशाही प्रबोधन व्यासपीठ, अशा कामांशी तात्या जोडलेले राहिले. मुंबईत नाव झालं तरी नगरची माणसं बोलावतील तेव्हा ते येत. पत्नी सुनंदा अमरापूरकर यांनीही लेखन आणि अनुवादात स्वतःची वाट केली.

२०१३च्या मार्चमधली घटना मात्र सांगितलीच पाहिजे. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. मराठवाडा आणि नगर जिल्ह्याचा मोठा भाग टँकरवर जगत होता, जनावरं छावण्यांत होती. आणि मुंबईत वर्सोव्याला, त्यांच्या घराजवळ, होळीच्या निमित्ताने पाण्याचे फवारे सोडून नाच चालला होता. त्रेसष्टीला आलेला हा माणूस खाली उतरून पाणी वाया घालवू नका असं सांगायला गेला. जमावाने त्यांना धक्काबुक्की केली. बातमी दोन दिवस चालली, कुणी हळहळलं, कुणी म्हणालं कशाला मध्ये पडायचं. ज्याने शेवगाव-पाथर्डीचा उन्हाळा बघितला आहे त्याला मध्ये न पडणं शक्यच नव्हतं. पडद्यावर शेकडो वेळा गुंड झालेल्या नटाला खऱ्या गुंडगिरीसमोर एकट्याने उभं राहावं लागलं, आणि त्याच्या बाजूने उभं राहायला त्या गर्दीतून कुणी पुढे झालं नाही, याचा राग अजून जात नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तात्या ज्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीशी जोडलेले होते त्या समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली.

त्याच २०१३ साली आला ‘बॉम्बे टॉकीज’. त्यातला दिबाकर बॅनर्जींचा ‘स्टार’ हा भाग सत्यजित रायांच्या कथेवरून केलेला. नवाजुद्दीन सिद्दिकी त्यात नाटकाचं स्वप्न मागे पडलेला, नोकरी शोधत फिरणारा मराठी माणूस आहे. शूटिंग बघायला थांबला असताना त्याला एका क्षणाची भूमिका मिळते: रस्त्यावरून चालत येऊन नायकाला धडकायचं, बस. आणि त्या वेळी त्याचे दिवंगत नाट्यगुरू त्याच्यासमोर उभे राहतात. ते गुरू म्हणजे अमरापूरकर. शिष्याला ते झापतात, डिवचतात, एका धडकेतही नट काय करू शकतो याची जाणीव देतात. त्यांच्या आवाजात शाळेच्या वर्गात तालीम घेणाऱ्या, वेळेवर न आलेल्या पोरांवर डाफरणाऱ्या दिग्दर्शकाचा सूर आहे. त्या छोट्या गोष्टीत त्यांना फार थोडा वेळ मिळतो. पण नवाजुद्दीन नंतर जे करतो ते त्या झापण्यातून आलं आहे, हे पटतं.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत फुफ्फुसाच्या आजाराने त्यांचं निधन झालं. वय चौसष्ट. अंत्यसंस्कार नगरला झाले.

नगर-पाथर्डी-शेवगावच्या हौशी नाटकवाल्या पोरांना मी एक सुचवतो. अमरापूरकरांचं काम आता इंटरनेटवर बरंचसं सापडतं. तीनशे चित्रपटांच्या मागे लागू नका. आधी ‘भारत एक खोज’मधला जोतीरावांचा भाग पाहा. मग ‘अर्धसत्य’, आवाज बंद करून एकदा आणि आवाज लावून एकदा. मग ‘सडक’ आणि त्याच संध्याकाळी ‘कुली नंबर वन’, म्हणजे विराम म्हणजे काय ते कळेल. मग ‘कदाचित’. आणि ‘स्टार’ बघायच्या आधी ‘कन्यादान’ची संहिता हातात घ्या, अरुण आठवलेची वाक्यं मोठ्याने वाचा, आणि त्याला खलनायक न करता ती कशी म्हणता येतील ते चार जणांत बसून ठरवा. तालमीला जागा म्हणून शाळेचा एखादा वर्ग पुरेसा आहे.